सदर प्राण्यास जर्मनीस नेणेबाबत

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती गेले. त्यांनी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी सोडली, चार काड्या बाजूला काढल्या आणि खुर्चीत बसले. मी चहा घेऊन आले तेव्हा ते खुर्चीतच होते, श्वास नव्हता. डॉक्टर आले. त्यांनी कागदावर वेळ लिहिली.

दुपारी घर माणसांनी भरलं. चार वाजता मागच्या खोलीतून शिट्टी वाजली, मग परत वाजली. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, मोबाइल बंद करा. मोबाइल नव्हता. चार वाजता त्याला काकडी लागते. मी उठले, काकडी चिरली, त्याच्यापुढे ठेवली आणि परत येऊन बसले. त्या दिवशी मी एवढं एकच काम केलं.

तो गिनी पिग आहे. उंदराच्या कुळातला, सशाहून लहान, बिनशेपटीचा, पाठीला तपकिरी आणि पोटाला पांढरा. तो माझ्या नातीचा. मुलगा पुण्याला नोकरीत होता तेव्हा तिने तो पाळला. मग मुलाची बदली जर्मनीला झाली. महिन्याभरात निघायचं होतं आणि तेवढ्यात प्राण्याचे कागद होणार नव्हते, म्हणून तो वर्ध्याला आमच्याकडे आला. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिने आजोबांना विचारलं, "आबाजी, तुम्ही आणाल?" ते म्हणाले, "आणीन." मोठ्या माणसांना दिलेले शब्द ते सहज विसरत. पण जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे मुलांना दिलेला शब्द त्यांना विसरता येत नसे.

नातीने त्याला ठेवलेलं नाव आमच्या तोंडात बसेना. माझे पती त्याला साहेब म्हणत, कारण तो काही न करता वेळेवर जेवण मागायचा.

बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी त्यांचं कपाट उघडलं. वरच्याच कप्प्यात नाडीची फाईल होती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: "विषय : सदर प्राण्यास जर्मनीस नेणेबाबत." मी कॉलेजात ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट ठेवणं हे माझं काम होतं. फाईल मी त्याच दिवशी पूर्ण वाचली.

उन्हाळ्यात नेऊ नये, असं पहिल्या पानावर होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात तो विमानतळावर सामानाच्या उभ्या गाडीतच मरेल. डिसेंबर बरा. विमानात प्रवाशांजवळ फक्त कुत्रा-मांजर चालतं, तेही काहीच कंपन्यांत. याला मालाच्या भागात, पण हवा आणि ऊब असलेल्या कप्प्यात जावं लागेल आणि त्यासाठी मुंबईचा एजंट लागेल. झोपेचं औषध देऊ नये. याच्याखाली दोन रेघा होत्या. पाण्याची बाटली हलते, गळते आणि बिछाना भिजतो, म्हणून पाण्याऐवजी काकडी ठेवावी. बिछाना धुतलेला नको, त्याचा स्वतःचा वास असलेला हवा. दूध, दही, भात, पोळी, मिठाई, कोणी कितीही आग्रह केला तरी वर्ज्य. शेवटी एक ओळ होती: "घाबरल्यास काय करावे? – आपण घाबरू नये."

सुताराकडून त्यांनी लाकडी पेटी करून घेतली होती. एजंटने ती फोटो पाहूनच नाकारली. हा प्राणी लाकूड कुरतडतो, आणि विमानात कुरतडून बाहेर पडलेला उंदीर म्हणजे विमान थांबवणं. यावर त्यांनी एजंटला दोन पानांचं पत्र लिहिलेलं होतं. ते पाठवलेलं नव्हतं. त्याच्यामागे जाड प्लास्टिकच्या, लोखंडी जाळीच्या डब्याची पावती होती.

डबा पाच महिन्यांपासून त्याच्या पिंजऱ्याशेजारी उघडाच असे. तो त्यात जाऊन गवत खाई आणि झोपे. मधूनमधून डबा स्कूटरवर पुढे ठेवून माझे पती पवनारच्या पुलापर्यंत जाऊन येत. शेजारी विचारत, "सर, कुठी?" ते म्हणत, "सरावाले." मला वाटायचं, निवृत्त माणसाला काहीतरी हवं असतं. सरावाची यादीही फाईलमध्ये होती. स्कूटर, मिक्सर, फटाके यांच्यापुढे बरोबरच्या खुणा होत्या. "रेल्वे स्टेशन" याच्यापुढे खूण नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मी डबा घेऊन वर्धा स्टेशनवर गेले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. शेजारी एक बाई पिशव्या घेऊन बसली होती.

"काय हाय जी डब्यात? कोंबडी?"

"नाही. उंदरासारखा प्राणी आहे. पाळलेला."

"मंग कोठी नेऊन राह्यल्या त्याले?"

"जर्मनीला."

तिने रुळांकडे पाहिलं. "हे गाडी तं बल्लारशाले जाते."

"हो. आम्ही फक्त आवाज ऐकायला आलो आहोत."

बाईने तिच्या पिशव्या उचलल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या. मालगाडी धडधडत गेली. तो गवत खात होता. घरी येऊन मी खूण केली.

मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, तू एकटीच ये ना. त्याला तिथेच कोणाला तरी दे. ती समजून घेईल." नात काय समजून घेईल याबद्दल त्याचा अंदाज यापूर्वी एकदा चुकला होता. आबाजी गेल्याचं तिला तीन आठवडे सांगितलं नव्हतं. तिची शाळेची सहल होती, ती होऊन जाऊ दे, असं मुलाने आणि सुनेने ठरवलं आणि मीही हो म्हटलं. ते तीन आठवडे ती फोनवर आबाजी कुठे आहेत असं विचारायची आणि मी शेतावर गेलेत, झोपलेत, अंघोळीला गेलेत असं सांगायची. पुढे खरं कळल्यावर ती दीड महिना माझ्याशी बोलली नाही.

डिसेंबरमधली तारीख ठरली. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवून तपासलं. ते म्हणाले, "मॅडम, मी गाई-म्हशी पाहतो. याचं कोणतं टोक पुढचं ते आधी सांगा." पण त्यांनी दात, डोळे, पोट नीट पाहिलं आणि प्रवासास योग्य असा दाखला दिला. मुंबईतल्या सरकारी कार्यालयाचा परवाना एजंट काढणार होता. गुरुवारी पहाटे गाडीने समृद्धी महामार्गावरून मुंबईला निघायचं होतं.

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. पंच्याहत्तरीच्या आहेत. गुरुवारी त्यांना केळझरला गणपतीच्या दर्शनाला जायचं होतं, म्हणून निरोप आदल्या दिवशीच. वाटीत दही-साखर होती. आमच्या घरी हे कधी करत नाहीत. माझे पती असते तर काहीतरी बोलले असते. मी हात पुढे केला, खाल्लं, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.

चहा घेऊन आले तर काकू मागच्या खोलीत पिंजऱ्यापाशी होत्या आणि बोट पुसत होत्या.

"काकू, काय दिलंत?"

"काई नाई जी, बोटावर जराकसं चाटवलं. थेही तं जाऊन राह्यला ना एवढ्या दूर? तुमाले दिलं अन् त्याले नाई द्याव?"

"किती चाटवलं?"

"दोन बोटं. तीन असंल. आवडलं त्याले, माय! कसा चाटे!"

मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला.

गुरुवारी पहाटे गाडी फाटकाशी उभी होती. पिंजऱ्यात सांबार जसंच्या तसं होतं. तो कोपऱ्यात केस फुलवून बसला होता, पोट फुगलेलं आणि खालचा कपडा घाण झालेला. फाईलमध्ये लिहिलं होतं की हा प्राणी चोवीस तास खाल्ल्याशिवाय राहिला तर आतडी थांबतात आणि मग तो वाचत नाही. मी गाडी परत पाठवली. मग मुलाला फोन केला. त्यांच्याकडे मध्यरात्र झाली होती, पण नात जागी होती. तिने फोन ओढून घेतला.

"मेला का?"

"नाही. आजारी आहे."

"आजी, मेला असेल तरी सांग. आजच सांग. आबाजींसारखं करू नको."

"नाही करणार. रोज संध्याकाळी फोन करून जे असेल ते सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

डॉक्टरांनी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मित्राला फोन लावला आणि त्याचं ऐकत ऐकत औषध लिहिलं. त्याचं नेहमीचं खाणं भिजवून, वाटून, सुई काढलेल्या सिरिंजने गालातून थोडं थोडं भरवायचं होतं, दर तीन तासांनी. पोट चोळायचं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. दाखला त्यांनी परत मागून घेतला. "हा प्रवासास योग्य नाही," ते म्हणाले, "आणि खरं सांगू का मॅडम, तुमीही नाई." मी तो त्यांच्या हातात दिला.

काकू केळझरहून प्रसाद घेऊन आल्या तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. मी झालं ते सांगितलं. त्यांनी प्रसादाची पुडी पदराखाली घेतली.

"म्या तं भल्यासाठी केलं जी."

"मला माहीत आहे, काकू."

"मले काऊन नाई सांगितलं, त्याले दही चालत नाई म्हणून?"

दोन वर्षं तो शेजारी राहत होता आणि कोणाला सांगण्याची गरज पडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. फाईल आमच्या दोघांपलीकडे कोणी वाचली नव्हती. काकूंनी हात धुतले, सिरिंज घेतली आणि त्याच्यापुढे बसल्या. "खा रे बाप्पा. खा ना. मले पाप नको लावू." त्याने अर्धं थुंकलं, अर्धं गिळलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची पाळी त्यांनी घेतली.

रोज संध्याकाळी मी फोन करत होते. पहिल्या दिवशी सांगितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तीन लेंड्या, बारीक. नातीने त्या लिहून घेतल्या. तिसऱ्या दिवशी सांगितलं, वजन कमी झालंय आणि मला भीती वाटते. तिने वजन लिहून घेतलं. मग म्हणाली, "मला पण." चौथ्या दिवशी अकरा लेंड्या. पाचव्या दिवशी त्याने गवताची एक काडी स्वतःहून तोंडात घेतली आणि ती आत जाईपर्यंत मी आणि काकू बघत राहिलो.

या दिवसांत मुलाने तिकीट पुढे ढकललं. तारीख पुढे गेल्याचं त्याने सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. तो प्राणी घरातून गेला की मला दर तीन तासांनी उठायचं कारण राहणार नव्हतं. दिलेला शब्द माझ्या पतींचा होता, माझा नव्हता. हे मी नातीला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. पण सहाव्या दिवशी तिने विचारलं, "आजी, तुला त्याला आणायचंय ना?" मी म्हणाले, "आज नाही वाटत. पण आणीन." ती म्हणाली, "चालेल."

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी नवा दाखला दिला. निघताना काकू फाटकाशी आल्या. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या होत्या.

"हात मागंच ठेवले मी. पाहून घ्या."

"पाहिले, काकू."

"येजा मंग. त्यालेही म्हणा, येजो."

मुंबईला एजंटच्या माणसाने डब्याला जिवंत प्राण्याचं हिरवं लेबल लावलं. मी आत काकडी आणि गवत भरलं, तीन दिवस न धुतलेलं त्याचं फडकं खाली घातलं आणि दार दोन वेळा ओढून पाहिलं. माणसाने डबा उचलला आणि तो आत गेला. त्याच विमानात मी वर बसले. पुस्तक घेतलं होतं, ते उघडलं नाही. हवाई सुंदरीने दोनदा विचारलं, काही त्रास होतोय का. माझा प्राणी खाली आहे, असं मी सांगितलं. तिने मला जास्तीचं पांघरूण दिलं.

तिथल्या विमानतळावर प्राण्यांची वेगळी इमारत आहे. एका बाईने कागद पाहिले, आत डोकावली आणि शिक्का मारला. डबा खिडकीतून बाहेर आला. आत हालचाल नव्हती. माझी नात दोन वर्षांत माझ्या खांद्याला लागली होती. तिने डबा हातात घेतला नाही, उघडलाही नाही. ती जमिनीवर बसली आणि जाळीला डोळा लावला. मुलगा काहीतरी बोलायला लागला, तिने हाताने थांबवलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नाक हलतंय." तिच्या बापाशी ती आता जर्मनमध्ये बोलते. हे मराठीत म्हणाली.

मी तिथे तीन महिने राहिले आणि मार्चमध्ये परत आले. तो अजून जिवंत आहे. तिकडे हा प्राणी एकटा ठेवणं बरं समजत नाहीत, म्हणून त्याच्यासोबत आणखी एक आणला आहे. साहेब आजारी पडला की नात मला त्याच दिवशी सांगते. मला गुडघ्याचा त्रास झाला की मी तिला सांगते. मी वर्ध्याच्या घरात एकटी राहते आणि ती विचारते तेव्हा तसंच सांगते.