शेजाऱ्याचे कॅमशाफ्ट

बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा वेळ कसा जाईल याची मला काळजी होती. तिसऱ्या आठवड्यात ती मिटली आणि मला वाईट वाटायला लागलं.

बाबांचं आयुष्य नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यात गेलं होतं. समोरच्या रिटायर्ड गोऱ्या शेजाऱ्यानं गॅरेजमध्ये आपली जुनी मोटरसायकल उघडली होती. इंजिनाचे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवणारे कॅमशाफ्ट काढून त्याला बाहेरून मागवलेले, जास्त जोर देणारे नवे घालायचे होते. त्यांची बेअरिंगंही नवी. बाबा फिरून येताना तिथे थांबले आणि दुसऱ्या दिवसापासून नाश्ता झाला की तिकडेच जायला लागले.

बाबांना इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी अजिबात नाही. मी घरून काम करायचो. मीटिंग चालू असताना खिडकीतून दोघं इंजिनावर वाकलेले दिसायचे. बाबा हसत असायचे. मला त्यांनी लहानपणी पान्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. "तू अभ्यास कर," एवढंच. आणि इथे त्या परक्या माणसाचा हात धरून त्याला काहीतरी दाखवत होते.

एकदा बायकोनं विचारलं, "फ्रीझरमध्ये खोबऱ्याच्या पाकिटाशेजारी हे काय ठेवलंय?"

पिशवीत नवी बेअरिंगं होती. गार केली की किंचित आकसतात, मग जागेवर नीट बसतात, हे बाबांनी तिला कौतुकानं समजावलं. मी शेजारीच उभा होतो.

शुक्रवारी शेजारी दारात आला. "उद्या दहा वाजता बेअरिंगं बसवू, सांग तुझ्या वडिलांना," तो मला म्हणाला.

मी बाबांकडे वळून म्हणालो, "पुढचं काम तो एकटा करणार आहे म्हणे."

बाबा "बरं" म्हणाले. शेजाऱ्यानं अंगठा उंचावला, बाबांनीही उंचावला, आणि तो गेला.

शनिवारी बाबांनी चहा घेतला आणि नुसते बसून राहिले. साडेदहाला म्हणाले, "ती बेअरिंगं तरी देऊन ये त्याला. खोळंबला असेल."

पिशवी घेऊन मी गेलो. गॅरेजमध्ये दोन स्टुलं मांडलेली होती. "वडिलांची तब्येत बरी आहे ना?" त्यानं विचारलं. पिशवी तशीच घेऊन मी परत आलो.

"बाबा, मी खोटं सांगितलं. त्यानं तुम्हाला बोलावलं होतं."

"का असं केलंस?"

"मला कधी काही शिकवलं नाहीत तुम्ही."

"तू कधी विचारलंही नाहीस," ते म्हणाले. "आता ती फ्रीझरमध्ये टाक. गरम झाली असतील."

दुपारी आम्ही दोघं गेलो. बाबांनी बेअरिंगं बसवली. मग नव्या कॅमशाफ्टला तेल लावायला मला दिलं, आणि मी लावलेलं पुसून स्वतः पुन्हा लावलं.

आठवड्यानं इंजिन सुरू झालं. बाबा डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी शेजाऱ्याला मिठी मारली. मी हाताला तेल लागलेलं होतं म्हणून बाजूला उभा होतो, असं नंतर बायकोला सांगितलं.