उशाजवळची बॅटरी

निर्मळ गावात आमची मोगऱ्याची छोटी वाडी आहे. कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून आई उजाडण्यापूर्वीच कपाळाला चार्जिंगचा टॉर्च बांधून निघते. आमच्या घरी त्याला बॅटरीच म्हणतात. यंदाच्या उन्हाळ्यात ही बॅटरी दगा देऊ लागली. थोड्या वेळातच मंद होऊन विझायची आणि पुढच्या कळ्या आई चाचपडत खुडायची. त्यात शेजारच्या वाडीत घोणस निघाली. माझा जीव थाऱ्यावर राहिना.

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तेही सायन्सला. त्यामुळे बिघडलेली प्रत्येक वस्तू माझ्यासमोर येते.

"बघ की गं बाय, एवढी जाड पुस्तकं कशाची वाचतेस मग?" पप्पा म्हणाले.

खरं तर मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. वायर बदलून पाहिली. पिनेच्या भोकातली माती टूथपिकने काढली. झोपताना बॅटरी माझ्या उशाजवळच्या बोर्डाला लावायचे, लाल दिवा लागायचा, मी निर्धास्त झोपायचे. सकाळी पुन्हा तेच.

"गेली ती. नवीन आणू," पप्पा म्हणाले.

मला पटेना. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मी ती स्वयंपाकघरात, मिक्सरच्या बोर्डाला लावून ठेवली. जेवणं आटोपल्यावर पाहिलं तर दिवा हिरवा! हिरवा दिवा मी पहिल्यांदाच पाहत होते. मग उशाजवळच्या बोर्डाला मोबाइल लावला. तोही नीट चार्ज झाला.

"बॅटरी चांगली, वायर चांगली, बोर्डही चांगला," मी चाचरतच सांगितलं. "म्हणजे कोणीतरी बटण बंद करतं."

पप्पांनी दोन्ही हात वर केले. "माझं नाव घेऊ नका."

आई भांडी विसळत होती. मागे न बघता म्हणाली, "मीच करते. तू झोपलीस की."

"आई! पण का?"

"तुझ्या डोक्याशी तो लाल दिवा. मोबाइल कसा फुटला तो व्हिडिओ नाही पाहिलास? एवढीशी वस्तू, अर्ध्या तासात भरत असेल असं वाटलं मला."

"आणि तू अंधारात जायचीस? घोणस निघालीय तिथे!"

"वाडी मला पाठ आहे. तुझं डोकं एकच आहे."

"त्यात अजून सायन्स भरायचंय," पप्पांनी जोड दिली.

मला हसू आलं. शेवटी ठरलं, बॅटरी दिवसा मिक्सरच्या बोर्डालाच लावायची. आईची अट एकच, हिरवा झाला की लगेच काढायची.

दुसऱ्या दिवशी ती कळ्यांची टोपली घेऊन परतली ती हसतच.

"बांधावर धामण होती. माझ्यापासून हातभर अंतरावर फक्त. लख्ख दिसली!"

"मग?"

"मग काय, काठी आपटली, गेली बिचारी. इतके दिवस दिसत नव्हती तेच बरं होतं."

मला काही हसता आलं नाही. मी तिच्या पावलांकडे बघत राहिले.

"पायांकडे काय बघतेस? चहा गार होतोय, कॉलेज नाही का तुला?"