सांगवीकराच्या मागची पाटी

बारामती आणि इंदापूर यांच्यात आट्यापाट्यांचा सामना दरवर्षी संक्रांतीनंतर होत असे. एक वर्ष बारामतीला कऱ्हेच्या पात्रात, पुढचे वर्ष इंदापुरात. सामना कोण जिंकला हे लोक पुढच्या बाजारापर्यंत विसरत. सामन्यानंतर पंगतीआधी जे बोलले जाई, ते मात्र दोन्हीकडे वर्षभर घोळत राही.

खेळ आता फारसा दिसत नाही, म्हणून थोडे सांगतो. जमिनीवर एकापुढे एक नऊ आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक माणूस. त्याने पाटी सोडायची नाही, पण पाटी ओलांडणाऱ्या गड्याला त्याचा हात लागला की तो गडी बाद. पहिली ती कपाळपाटी, शेवटची ती लोणपाटी. सगळ्या पाट्या ओलांडून जो परत कपाळपाटीबाहेर आला त्याने लोण केला. टाळ्या पळणाऱ्यांना मिळत. नाव राही ते पाटीवाल्यांचे.

ते नाव ठरवण्याची एक रीत होती. तिला ‘पाट्या सांगणे’ म्हणत. सामना ज्या गावात, त्या गावाचे आजवरचे तीन थोर पाटीवाले कोण, हे पाहुण्या गावातल्या जाणत्याने क्रमाने सांगायचे; मेलेले आणि जिवंत एकाच रांगेत. यजमान गावाने त्यात बोलायचे नाही. फार पूर्वी प्रत्येक गाव आपापले सांगत असे. एका वर्षी दोन्हीकडच्या भावक्यांनी आपापली माणसे पुढे केली, भांडण झाले आणि वाढलेली पंगत तशीच उठली. तेव्हापासून आपल्या गावच्या माणसाबद्दल आपल्या गावचा शब्द धरायचा नाही, असे ठरले. पहिल्या क्रमांकाला एक नारळ असे. तो माणूस हयात नसेल तर नारळ त्याच्या घरी जाई.

म्हणजे बारामतीच्या माणसाला या रांगेत यायचे तर ते इंदापूरच्या तोंडून, आणि तेही वर्षाआड.

मी लोणपाटीवर उभा राहत असे. त्या काळात मी पुण्याच्या एका वर्तमानपत्राला बारामतीच्या बाजाराचे भाव आणि किरकोळ बातम्या कळवत होतो. सामन्याची बातमीही मीच पाठवायचो. ती दोन ओळींत छापून येई आणि त्या दोन ओळींत माझ्या पुढच्या पाटीवाल्याचा उल्लेख असे. तो टाळला असता तर बातमी चुकीची झाली असती.

माझ्या पुढची, म्हणजे आठवी पाटी सांगवीच्या एका शेतकऱ्याची होती. सगळे त्याला सांगवीकरच म्हणत. सांगवी जवळच, म्हणून तो बारामतीचाच धरला जाई. ठेंगणा, रुंद, चालताना आळशी वाटणारा. उसाला पाणी देऊन तो थेट येई. पिंढऱ्यांवर चिखल वाळलेला असे. सरावाला कधी आला नाही. मी रोज सकाळी वाळूत घाम काढत होतो. पळणाऱ्याच्या पायांकडे न बघता कमरेकडे बघायचे, हे मी चार वर्षे स्वतःला शिकवत होतो. सांगवीकर पळणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असे आणि त्याच्याशी गप्पा मारत असे. बैल बसला होता तो उठला का, असे विचारी. समोरचा उत्तर द्यायला लागला की हा पाटीवरून पुढे पार आडवा पडे आणि याचा हात त्याच्या पाठीवर.

लोक हसत. बाद झालेला गडीही हसत बाहेर जाई. माझ्याकडून बाद झालेला कुणी कधी हसलेला मला आठवत नाही. मुळात माझ्याकडून बाद व्हायला कुणी येतच नव्हते.

ज्या सामन्याची ही गोष्ट आहे, त्याआधीच्या बारामतीच्या सामन्यात इंदापूरच्या तात्यांनी पाट्या सांगितल्या तेव्हा मी पुढे जाऊन बसलो होतो. तात्या त्यांच्या वेळचे नावाजलेले गडी. सर्व्हिस मोटारीने आले की ते घाटाच्या पायरीवर घोंगडीवर बसत आणि सामना संपेपर्यंत तंबाखूशिवाय कशाला तोंड लावत नसत. त्यांचा शब्द इंदापूरचा शब्द होता. पहिला त्यांनी नेहमीप्रमाणे एक लोहार सांगितला. तो माझ्या जन्माआधी वारला होता. त्याच्याबद्दल मला काही वाटत नसे. मेलेल्या माणसाचा पाय घसरत नाही, हे मी धरून चाललो होतो. दुसरे शाळेतले मास्तर. त्यांचे गुडघे गेले होते, तरी ते दरवर्षी येऊन बसत. तिसरा त्यांनी सांगवीकर सांगितला. सांगवीकर तेव्हा नदीवर पाय धूत होता. त्याने ऐकलेही नाही.

आमच्यातल्या एकाने रीत मोडून विचारले, “तात्या, आन् लोणपाटी?”

तात्यांनी थोडा विचार केला. “त्यो सांगवीकराच्या मागं हुबा असतोय त्यो?” ते म्हणाले. “त्येच्यापत्तूर आमचं कुणी गेलंच न्हाई. त्येचं काय सांगायचं?”

त्यात टोमणा नव्हता. तात्या खरे तेच बोलले होते आणि म्हणून ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

त्यानंतर मी एक विचार मनाशी पक्का केला. आठवी पाटी ओलांडणारा गडी दोन पाट्यांच्या मधल्या चौकोनात येतो. तिथे त्याच्या मागे सांगवीकर असणार आणि पुढे मी. मी ढिला असतो तर गडी बेधडक घुसला असता. तो आठवीसमोर घुटमळतो, कारण त्याला पुढे मी दिसतो. तो घुटमळतो आणि तेवढ्यात सांगवीकर हात मारतो. हात त्याचा, घुटमळ माझी. असा हिशेब मी मांडला होता. तो बरोबर होता की नाही हे सांगायला कुणी त्रयस्थ नव्हता.

मास्तरांना मी हे एकदा ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ही तुझी बातमी आहे का तुझं मत?” मग ते म्हणाले, “बातमी असेल तर दुसऱ्या कुणाकडून तरी आण.”

मधल्या वर्षी आम्ही इंदापूरला गेलो. तिथे मास्तरांनी इंदापूरच्या पाट्या सांगितल्या आणि त्यांच्या कपाळपाटीवरच्या एका लुकड्या तेल्याला पहिला धरला. मला ते मनापासून पटले. मी त्याच्याजवळ जाऊन तसे बोललोही. परगावच्या माणसाचे थोरपण मला कधी जड गेले नाही. आपल्या रांगेत, आपल्या पुढे, हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस तेवढा सहन होत नव्हता.

पुढच्या वर्षी सामना परत कऱ्हेत होता. सकाळी सांगवीहून निरोप आला. गुऱ्हाळाची पाळी सांगवीकराची लागली होती, ऊस तोडून पडला होता, आणि गूळ उतरवणारा जाणता माणूस तापाने अंथरुणावर होता. तोडलेला ऊस थांबत नाही. सांगवीकर स्वतःच रस आटवायच्या काहिलीवर उभा राहणार होता. येणार नव्हता.

आमचे लोक खाली बसले. काही जणांनी सामना पुढे ढकलायचे काढले, पण इंदापूरची मोटार निघाली होती. निरोप ऐकून मला जे वाटले त्याला दुसरे नाव नाही. मला आनंद झाला. आठव्या पाटीवर भाजीबाजारातल्या एका माळ्याला उभे केले. तो उंच होता आणि मनाने चांगला होता. पाटीवर त्याचे पाय फार हलत.

त्या दिवशी इंदापूरचे गडी आठवी पाटी ओलांडून येऊ लागले. एकामागून एक आले. माझ्या पाटीपुढची वाळू, जिच्यावर एरवी माझ्याशिवाय कुणाच्या पावलांचे ठसे नसत, ती दुपारपर्यंत पार तुडवली गेली. मी कमरेकडे बघत होतो. एक डावीकडे झुकला आणि उजवीकडे गेला. माझा हात आधीच उजवीकडे होता. एक बसल्यासारखा झाला आणि उसळला. उसळलेला असतानाच त्याच्या पोटरीला माझी बोटे लागली. त्यांचा सर्वांत चपळ गडी दोनदा आला आणि दोनदा बाद होऊन बाहेर गेला. दुसऱ्या खेपेला तो जाताना थांबून माझ्याकडे बघत राहिला. दिवसभरात इंदापूरचा एकही लोण झाला नाही. घाटावर धुणे धुणाऱ्या बायकाही हात थांबवून बघत होत्या. आमचे लोण मात्र झाले आणि बारामती जिंकली.

माळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, “माज्याकडनं लई सुटलं. तुमी हुता म्हनून बरं.” त्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. मी त्याला नीट उत्तर दिले की नाही, आठवत नाही. माझे लक्ष घोंगडीकडे होते.

पंगत मांडली होती. पिठल्याचा आणि भाकरीचा वास येत होता. तात्यांनी तंबाखू थुंकली आणि बोलायला सुरुवात केली. प्रथम त्यांनी मला नजरेने शोधून काढले.

“ह्या गड्यानं आज लई मारलं,” ते म्हणाले. “कबूल हाय. असा हात मी बारामतीत कमी बघितला.”

माझ्या शेजारच्याने माझ्या मांडीवर थाप मारली.

“पर मला येक सांगा,” तात्या आपल्या गड्यांकडे वळले. “तुमी कवा लोणपाटीपत्तूर पोचला हुता का? ह्या आधी, बारामतीत न्हाईतर इंदापुरात?”

तो चपळ गडी म्हणाला, “न्हाई, तात्या.”

“आज समदी पोचली. येक न्हाई, दोन न्हाई, समदी. मंग इतकी वर्सं तुमास्नी अडवत कोन हुतं?”

मला त्यांचे पुढचे वाक्य ते बोलण्याआधी कळले. बहुधा तिथे बसलेल्या सगळ्यांना कळले असेल.

“आमी त्येला तिसरा धरत हुतो. आमची चूक झाली,” तात्या म्हणाले. “आज त्यो न्हवता म्हनून दिसलं. बारामतीचा पयला सांगवीकर. दुसरा लोहार. तिसरं मास्तर.”

मी जेवढे गडी बाद केले, तेवढे सगळे त्याच्या बाजूने साक्षीला उभे राहिले होते. एखादा कमी बाद केला असता तरी फरक पडला नसता. ते माझ्यापर्यंत आले, एवढेच तात्यांनी मोजले. यजमानांनी बोलायचे नाही ही रीत होती आणि मी गप्प बसलो. मास्तर दुसऱ्याचे तिसरे झाले. त्यांनी मान डोलावली आणि भाकरी मोडली. मला त्यांचाही हेवा वाटला. खाली यायला तरी आधी रांगेत असावे लागते.

नाव घेतलेला माणूस हजर नसेल तर त्याच्या मागच्या पाटीवाल्याने नारळ त्याच्या घरी पोचवायचा, हीही रीतच. माळी म्हणाला, मी नेतो. पण तो पाटीचा बदली माणूस. मागच्या पाटीवर मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या मुठीला पिशवी अडकवून मी सांगवीला गेलो. कालव्यापासूनच गुऱ्हाळाचा वास येत होता. बैल चरक ओढत होते, चुलवाणात चिपाडे पेटली होती आणि सांगवीकर मोठ्या काहिलीवर वाकून लांब फावड्याने रस ढवळत होता. रात्रभर झोपला नसावा. मला बघून त्याने मान हलवली, हात थांबवले नाहीत.

“काय झालं?” त्याने विचारले.

जिंकलो, असे मी सांगितले. माळ्याकडून सगळे सुटत होते, तेही सांगितले. मग तात्या काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितले. बातमीदाराला तेवढे जमते.

“लोहाराच्या वर?” तो म्हणाला. “तात्यांनी सोताच्या तोंडानं?”

“हो.”

तो फेसाकडे बघत राहिला. काम करणारे दोघेतिघे थांबून ऐकत होते. मग तो म्हणाला, “तात्या घाटावर बसत्यात. तितनं त्यास्नी काय दिसतंय?”

त्याने फावडे एकदा रसातून फिरवले आणि माझ्याकडे वळला.

“पाटीवर मी पुढं पडायचो, बघितलंय न्हवं तुमी? पार आडवा व्हायाचो. तसं कुणी करत न्हाई. हुकलं तर गडी गेलाच. पर मला ठावं हुतं, मागं तुमी हाय. माजा हुकला तरी तुमच्या हातनं जात न्हाई. म्हनून पडायचो. दुसरा कुणी असता मागं, तर मीबी त्या माळ्यावानी पाय हालवत हुबा ऱ्हायलो असतो.”

मी त्याला ते परत सांगायला लावले. त्याने परत सांगितले, आधीपेक्षा थोडक्यात, पण तेच. इतकी वर्षे मी जे मनात मांडत होतो त्याहून ते वेगळे होते. माझ्यामुळे पळणारा घुटमळतो असे मी धरले होते. सांगवीकर माझ्यामुळे त्याला येणाऱ्या धीराबद्दल बोलत होता. त्याचे अधिक बरोबर होते. आणि ते सांगण्याचा मोठेपणाही त्याच्याकडेच होता, माझ्याकडे नव्हता.

“हे तात्यांना सांगाल का?” मी विचारले.

“सांगतो की,” तो म्हणाला. “पर माजं त्ये धरत्याल व्हय?”

धरणार नव्हते. तो बारामतीचा, मी बारामतीचा. दुसऱ्या कुणाकडून तरी आण, असे मास्तर म्हणाले होते. मी आणले होते, आणि ज्याच्याकडून आणले त्याचाच शब्द त्या रांगेत चालत नव्हता.

काहील उतरायची वेळ झाली होती. माणूस कमी होता, म्हणून त्याने मला पलीकडची कडी धरायला सांगितली. आम्ही समोरासमोर उभे राहून ती गूळ थंड करायच्या वाफ्यात ओतली. मग त्याने हात पुसले, नारळ चुलवाणाच्या दगडावर फोडला, एका वाटीवर गरम गूळ घातला आणि ती माझ्या हातात दिली.

“खावा,” तो म्हणाला. “काल तुमीच खेळलाय.”

मी खाल्ला. पहिल्या क्रमांकाचा नारळ होता.