मायच्या बदकीची नऊ अंडी

मायची तेरवी उरकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घर बंद करायची यादी घेऊन बसले. सव्वीस कामं होती. कोंबड्या शेजाऱ्यांना देणं सोळावं, बदकी सतरावं. बोडीच्या पाण्यावरची मायची बदकं ती दवाखान्यात असतानाच एकेक करून गेली होती. एक मादी तेवढी उरली होती. तिला शोधायला गेले तर बोडीच्या पाळीवर नुसती पिसं. रानमांजरानं नेली असावी. गोठ्यातल्या भाताच्या तणसात मात्र नऊ अंडी होती, गार. ती त्यांच्यावर अजून बसलीसुद्धा नव्हती.

गावात बदकं फक्त मायची. ही अंडी गेली की संपलं. मी ती स्टीलच्या डब्यात कोंडा भरून ठेवली, उरलेली कामं भावावर टाकली आणि सिंदेवाहीहून गाडीनं, डबा मांडीवर धरून, बल्लारपूरला आले. एरवी कामं अर्धी टाकून मी कधी उठत नाही.

थर्माकोलचा खोका, साठ वॅटचा बल्ब, थर्मामीटर, पाण्याची वाटी. अंड्यांवर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे उलटताना चूक नको. दिवसातून तीनदा उलटायची. दुपारी त्यासाठी ऑफिसातून स्कूटीवर घरी यायचे. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला खूण केली. अंड्यांचे दिवस एकवीस, हे कोंबड्यांच्या घरात वाढलेल्या मला पाठच होतं. पाठ असलेलं मी तपासत नाही.

शेजारच्या काकू स्लॅबवर कोंबड्या पाळतात. खोका बघून म्हणाल्या, "काऊन बाई, आता तूच खुडूक झाली का? ऑफिसात अर्ज दे, अंड्यावर बसून राह्यली म्हणून."

तेरवीनंतर मी पहिल्यांदा हसले.

आठव्या दिवशी अंधाऱ्या मोरीत अंड्यांना टॉर्च लावला. तीन रिकामी निघाली. सहांत लाल शिरांचं जाळं होतं, मधला ठिपका हलत होता. लगेच भावाला फोन लावला.

"सहा आहेत."

"कोण सहा?"

"मायची."

तो मग म्हणाला, "मले दोन देजो. बोडीवर सोडीन."

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. बाविसाव्या दिवशीही नाही. काकूंनी स्वतः टॉर्च लावून पाहिलं. "सगळं काळं पडलं, पाह्य ना. सडले हे. घरात फुटले तं वासानं बसता नाई येणार." तेविसाव्या दिवशी सकाळी मी बल्ब बंद केला आणि ऑफिसला गेले. डिसेंबरचा गारठा होता. संध्याकाळी अंडी टोपलीत घेतली आणि अंगणातल्या पपईखाली खड्डा खणला.

टोपलीतून एक अंडं निसटून दगडावर पडलं. आत पिल्लू होतं. चोच, पडद्याचे पाय, ओली पिसं, पोटाला अजून चिकटलेला पिवळा बलक. सडलेलं नव्हतं. त्यानं एक पाय लांब केला. मी ते ओंजळीत घेतलं, फुंकर घातली, पदरात धरलं. तो पाय त्यानं परत जवळ घेतला नाही.

तेव्हा मला चंद्रपूरचा दवाखाना आठवला. मी मायच्या उशाशी वही घेऊन बसले होते. किल्ल्या कुठे, पासबुक कुठे, सातबारा कुठे, एकेक विचारत होते. ती मधेच म्हणाली, "आन् बदकीच्या अंड्याचं कोंबडीवानी नाई राहत, बाई. तिले जास्त..."

"माय, ते राहू दे. आधी कागदांचं सांग."

तिनं कागदांचं सांगितलं. वहीत ते सगळं आहे, नीट.

फोनवर शोधायला अर्धं मिनिट लागलं. बदकाचे दिवस अठ्ठावीस.

उरलेली पाच मी परत खोक्यात ठेवली, बल्ब लावला. दर तासाला कानाशी धरायची. रजा टाकली. अठ्ठावीस गेले, एकोणतीस, तीस. भावाचे फोन येत होते. मी दोनदाच उचलले.

एकतिसाव्या दिवशी काकू माझ्याबरोबर पपईखाली आल्या. पाचही अंडी त्यांनीच खड्ड्यात ठेवली, माती लोटली. उठताना म्हणाल्या, "माह्यामुळं झालं, बाई."

"नाई काकू," मी म्हणाले. "मायनं मले सांगतलं होतं."