पाचटाची होळी

धुराशी एवढं हाडवैर असलेला दुसरा माणूस अख्ख्या तापीकाठी सापडायचा नाही, हे मी आमच्या व्याह्यांबद्दल बेधडक सांगतो. माझ्या मुलीच्या लग्नात होमाचा धूर जरा वाढला, तर वरपिता म्हणून मिरवायचं सोडून हे गृहस्थ भटजींच्या समिधा वाळलेल्या आहेत का, ते हाताने चाचपून बघत होते. त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळतं ते गोबरगॅसची टाकी पाहून झाल्यावर. "शेण उकिरडावर सडनं का गॅस आभायमा जास, हवा तापाडस," ते टाकीवर हात ठेवून सांगतात, "आठे कोंडं का च्या व्हस!" मग तो चहा येतो आणि त्याची तारीफ करावीच लागते. शेजारच्या वावरातून धूर दिसला की ते ताटावरून उठून धावतात. विहीणबाई ताट झाकून ठेवतात.

ऊस तुटला की शेतात उरलेली वाळकी पानं, म्हणजे पाचट, पेटवून द्यायची ही गावाची जुनी रीत. सऱ्या मोकळ्या होतात, पाणी सरळ जातं. जाळू नका असं सरकार सांगतं, पण ऐकतो कोण? व्याह्यांनी घरोघरी जाऊन, हातापाया पडून, ग्रामसभेत पाचट न जाळण्याचा ठराव करून घेतला. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र गावाला अनुदानावर मिळणार होतं, ते मात्र तालुक्याच्या कचेरीत अडकलं. गावाने ठराव मोडला नाही, हे कबूल करायला हवं. त्या वर्षी शेतात कोणी काडी ओढली नाही. सगळ्यांनी गाड्या भरभरून पाचट होळीच्या मैदानात आणून टाकलं, तेही देवाच्या नावाने. देवळाच्या कळसाशी बरोबरी करणारी होळी रचली गेली. आणि गावची होळी पेटवायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या व्याह्यांच्या घरात!

मी तिथेच होतो. ढोल थांबले. व्याही पेटता काकडा धरून त्या ढिगासमोर नुसते उभे. "आबा, पेटाडा ना, दिवस बुडना," मागून कोणीतरी म्हणालं. मला वाटलं, आता हे गावाला फैलावर घेणार. पण ते हळूच म्हणाले, "तुमनं काय चुकनं नही. मी बंदी आनी, यंत्र आनं नही." त्यांनी काकडा धाकट्या भावाच्या हाती दिला आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्या गावात एकदा दुसऱ्याच्या हाती दिलेला मान परत येत नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या तोडणीआधी यंत्र आलं, कारण हे दर सोमवारी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत. साहेब बाहेर आले की त्यांना गोबरगॅसचं महत्त्व समजावत. शेवटी साहेबांनीच हात टेकले. आता गावाचं पाचट शेतातच बारीक होतं, तिथेच कुजतं.

यंदा होळीला मी गेलो होतो. चार लाकडं आणि गोवऱ्यांची बेताची होळी धाकट्या भावाने पेटवली, नैवेद्य दाखवला. व्याही गर्दीत, बायकापोरांच्या मागे उभे होते.

"याही, इतली न्हानी होळी आमना गावमा कधी व्हयनी नही," ते म्हणाले. आवाजात केवढा आनंद होता! मला त्यांचा अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं. मी त्यांचा हात हातात घेतला.