तात्यांनी बघितलेल्या गाड्या

गाडी बघायला गेलं की तात्या आधी स्वतःचा उजवा गुडघा बांधायचे. पिशवीतून बांबूची कामटी काढायची, पायाच्या मागून लावायची, वरून उपरणं गच्च आवळायचं आणि तो ताठ पाय घेऊन गाडीचं मागचं दार उघडायचं. त्यांची आत शिरायची धडपड सुरू झाली की गाडीचा मालक माझ्याकडे बघायचा आणि मी आभाळाकडे.

तुम्ही कधी जुनी गाडी घेतली असेल तर मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल. श्रीरामपूरला माझं गॅरेज होतं. सत्तर-एकाहत्तरचा काळ. नवी गाडी हवी तर नंबर लावून बसायचं. गाडी यायच्या आधी घरातली मुलं लग्नाला यायची. त्यामुळे सगळी मदार जुन्या गाडीवर. तिचं इंजिन थंड असताना सुरू करून बघावं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर तो काहीतरी लपवतोय. धूर निळा निघाला तर हात जोडून घरी जावं. पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा सडलाय का ते बघावं. सुटे भाग नगरला मिळतात की मुंबईला माणूस धाडावा लागतो, ते विचारावं. गाडी डॉक्टरची असेल तर डोळे मिटून घ्यावी, कंत्राटदाराची असेल तर डोळ्यांत तेल घालून. हे माझं शास्त्र. तात्यांना यातल्या कशाशी देणंघेणं नव्हतं.

"इंजिन तुमी बघा, मिस्त्री," ते म्हणायचे. "मी तिच्या पायानं बघतो."

'ती' म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकी. तात्या कालव्याकाठचे बागाईतदार, घरी कशाची ददात नव्हती. काकी मात्र पाथर्डीकडच्या, डोंगरातल्या कोरड्या गावच्या. विहिरीच्या पायऱ्यांवर पडल्या, हाडवैद्याने पाय बांधला आणि गुडघा कायमचा ताठ झाला. घरात काठी टेकत फिरायच्या. एकदा माहेरी निघाल्या तेव्हा एस.टी.त चढवायला कंडक्टरने आणि दोन परक्या माणसांनी त्यांना पोत्यासारखं उचललं. अख्खा स्टँड बघत होता. त्या दिवशी काकींनी एस.टी.च्या नावाने कानाला खडा लावला आणि त्यांचं माहेर सुटलं. तिकडे भावाजवळ म्हातारी आई होती. तात्यांनी मनाशी ठरवलं, हिला कुणी हात न लावता, स्वतःच्या पायाने गाडीत बसवून आईकडे न्यायचं.

मला तेव्हा हे फार मोठं वाटलं होतं. बायकोसाठी एवढा विचार करणारा माणूस आमच्या भागात मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण विचाराला अंत हवा की नको? संगमनेरच्या एका डॉक्टरांची फियाट बघितली. इंजिन असं की चालू आहे की बंद, हात लावून बघावं. तात्यांनी गुडघा बांधला, दारात अडकले, त्यांची टोपी आत आणि ते बाहेर. डॉक्टरांना वाटलं पेशंटच आलाय. ते पाय तपासायला पुढे झाले. तात्या म्हणाले, "दार अरुंद हाय." झालं, निघालो. एका जीपची पायरी उंच निघाली. राहुरीच्या कंत्राटदाराची अँबॅसॅडर होती, तिचं दार ऐसपैस, आत तमाशाचा फड बसेल एवढी जागा. तात्या कसेबसे आत गेले आणि त्यांना उठताच येईना. आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढलं. "बैठक लई खोल," धोतर झटकत ते म्हणाले. "तिला उठताच यायचं न्हाई."

माझा रविवार वाया गेलेला, डोकं तापलेलं. मी म्हणालो, "तात्या, काकींनाच घेऊन या ना एकदा! बसून बघू देत."

"बाईमानसाला लोकांच्या दारात गाडीवर बसवून बघत्यात व्हय?" ते दचकलेच. मग आवाज उतरवून म्हणाले, "आन बसली, आन गाडी न्हाई घेता आली, तर तिच्या मनाला किती लागंल, मिस्त्री?"

पुढच्या रविवारी मी परत त्यांच्याबरोबर निघालो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. काकींच्या माहेरी गुरं गेली, विहिरी आटल्या. आईचा सांगावा आला, 'थकलेय, एकदा तोंड दाखवून जा.' मी तात्यांना विचारलं, "त्या गावाला मोटार जाते तरी का?"

"आता जाईल. दुष्काळी कामावर रस्ता चाललाय. आमचा मेहुनाच खडी फोडतोय तिथं." हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. "रस्ता व्हईस्तवर गाडी बघू. घाई न्हाई करायची."

रस्ता झाला. गाडी काही ठरेना. शेवटी दुसरा सांगावा आला तो एवढाच, की आता निघा.

तात्या सकाळी गॅरेजवर आले ते पिशवीशिवाय. राहुरीच्या कंत्राटदाराकडे तीच अँबॅसॅडर अजून उभी होती. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंही नाही, घेऊन टाकली. त्यांना चालवता येत नव्हतं म्हणून मीच चालवत त्यांच्या दारात आणली.

काकी काठी टेकत अंगणात आल्या. तात्या पुढे झाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. गाडीकडे पाठ केली, दाराला धरून मागच्या मागे सीटवर बसल्या, दोन्ही हातांवर भार देत सरकत सरकत पलीकडच्या दारापर्यंत गेल्या आणि ताठ पाय सीटवर आडवा ठेवून पदर सारखा केला. सगळं एका दमात.

"मी बाजेवर आशीच बसती की," त्या म्हणाल्या. "चला."

अशा बसल्या असत्या तर फियाटही चालली असती. तात्यांनी प्रत्येक गाडीत पुरुषासारखं तोंड पुढे करून शिरून बघितलं होतं, आणि जिचा पाय, तिला काही विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. ते माझ्या शेजारी पुढे बसले. नेवासा गेलं, शेवगाव गेलं. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण निघाली की मला त्या प्रवासातली त्यांची मान दिसते, एकदाही मागे न वळलेली.

पाथर्डीच्या पुढे तो नवा रस्ता लागला. खडी चाकाखाली वाजत होती. गावाच्या तोंडाशीच घर होतं. गाडी थांबली तसा काकींचा भाऊ पुढे आला, त्याचं डोकं भादरलेलं होतं. काकींनी ते माझ्या आधी बघितलं. सांगावा घेऊन माणूस निघाला त्याच दिवशी म्हातारी गेली होती.

"रस्ता झाल्यापून रोज बाज भाईर टाकाया लावायची," भाऊ खिडकीशी वाकून बहिणीला सांगत होता. "म्हनायची, लेक गाडीतून येनार हाय."

काकी सरकत सरकत दारापर्यंत आल्या, कुणाचाही हात न धरता उतरल्या आणि काठी टेकत घराकडे गेल्या. आतून बायकांचा आकांत ऐकू आला.

भाऊ आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. जावयाच्या पायावर घालायला. त्या दुष्काळात ते पाणी कुठून आणलं असेल कोण जाणे. सांडू नये म्हणून त्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. "दाजी, उतरा की," तो म्हणाला.

तात्या समोर बघत बसून राहिले. मी उतरून त्यांच्या बाजूला गेलो आणि दार ओढलं, तर ते आतून त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.