गेटवरचा हिवर

रिटायर माणसाच्या मोबाईलमध्ये नको ते फोटो साठतात आणि डोक्यात नको ते किस्से. फोटो निदान डिलीट तरी होतात! आमच्या गुडगावच्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणारी आम्ही चार मराठी डोकी, मी आणि बायको धरून. त्यातली शबाना इनामदार, पुण्याची, आयटीतली. तिने माझ्या फोनमध्ये झाडं-पक्षी ओळखणारं अ‍ॅप घातलं आणि साठा बेसुमार वाढला.

"काका, फोटो काढा, नाव कळेल," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं रिपोर्टर. हे गुडगाव माझ्या डोळ्यांदेखत मोहरीच्या शेतांतून वर आलं. 'शेकडो झाडांची कत्तल' अशी संतप्त बातमी मी दर वर्षी दिली. कुठली झाडं? ते एकदाही विचारलं नाही!

*

पहिली मोहीम दिल्लीत, हिंदूराव हॉस्पिटलमागच्या रिजवर, म्हणजे जंगलाच्या टेकडीवर. फांदीवर एक पक्षी बसला होता. अ‍ॅप म्हणालं, जवळून फोटो घ्या. मी सवयीने फोन थेट त्याच्या चोचीपुढे धरला, मंत्र्यांपुढे माइक धरायचो तसा.

पक्षी उडाला.

"काका, काय हे!" शबाना वैतागली.

"अगं, मंत्रीही असेच जायचे. पण ते निदान 'नो कॉमेंट' म्हणायचे!"

*

अ‍ॅप निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या बाल्कनीत नर्सरीतून आणलेला कढीपत्ता होता. दोन वर्षं मी पोहे खाताना सांगत होतो, "विकतच्या कढीपत्त्याला हा वास नाही!"

एकदा सहज फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, कामिनी. शोभेचं झाड.

बायको म्हणाली, "मी ती पानं कधी फोडणीत टाकलीच नाहीत. मला पहिल्या दिवशीच संशय आला होता. पोह्यांत बाजारातलाच कढीपत्ता असायचा."

मी फोन खिशात घातला.

"अहो, बातम्याही अशाच लिहायचात का?"

*

मॉलमध्ये एक कुंडी दिसली. अ‍ॅपने छातीठोक नाव सांगितलं, वर 'भरपूर पाणी द्या' हा सल्ला. माती कोरडी ठाक! मी मॅनेजरला बोलावून झापलं. पर्यावरण, कॉर्पोरेट जबाबदारी, सगळं काढलं.

तो नम्रपणे म्हणाला, "सर, हर सोमवार साबुन से धोते हैं. प्लास्टिक है."

*

या अ‍ॅपवर आपण काढलेला फोटो झाडाचं नाव घालून, टोपणनावाने टाकता येतो. दुसऱ्या कुणी 'सहमत' दाबलं की नाव पक्कं. दोन सूत्रांचा दुजोरा, मग छपाई. हा तर आमचाच नियम! पहिल्या आठवड्यात मी दिसेल त्याचे फोटो टाकले. सुचतील ती नावं दिली. दुजोऱ्याला आमचे चौथे मेंबर बेडेकर, केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून रिटायर झालेले. ते धडाधड 'सहमत' दाबत गेले.

"बेडेकरकाका, फोटो बघता तरी का?" शबानाने विचारलं.

"खालून नोट आली की सही करायची. बघायचं काम वरच्यांचं!"

*

आता गेटवरच्या झाडाचं. बिल्डरने सगळं सपाट केलं तेव्हा चुकून राहिलेलं हे एकच जुनं झाड. सोसायटीचे प्रेसिडेंट अरोराजी म्हणाले, पार्किंगसाठी ते काढू.

बायको नगरकडची. तिचा चेहरा उतरला. "हिवर आहे हा. आमच्या बांधावर होता. साल बघा कशी पांढुरकी."

मीटिंगमध्ये मी गरजलो, "ये देसी पेड़ है!"

"देसी निकला तो हाथ नहीं लगाऊँगा," अरोराजी शांतपणे म्हणाले. "पर ये तो विलायती कीकर है. बाहर का, जंगली."

"सबूत? आपका सूत्र कौन है?"

त्यांनी फोन पुढे केला. तेच अ‍ॅप. आमच्याच गेटचा फोटो, खाली 'विलायती कीकर', म्हणजे वेडी बाभूळ. "देखिए, दो लोगों ने कन्फर्म किया है. किसी 'निर्भीड' ने डाला है. ये निर्भीड कौन है, यार?"

फोटोत झाडाखाली माझी स्कूटर होती. हँडलला बायकोने शिवलेली पिशवी.

बायकोने चष्मा लावला. फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. बेडेकर पंख्याकडे बघत होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खुलासा द्या."

चाळीस वर्षांत मी एकदाही खुलासा छापला नव्हता. नोटिसा आल्या, संपादक ओरडले, तरी नाही! मी उभा राहिलो. "निर्भीड मैं हूँ. गलत छापा था." आणि सगळ्यांसमोर नाव बदलून 'हिवर' लिहिलं.

अरोराजी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "ठीक है. पर एक से नहीं चलेगा. दूसरा कौन कन्फर्म करेगा?"

सगळे बेडेकरांकडे बघू लागले. त्यांनी फोन काढला. बोट 'सहमत'वर नेलं. आणि तिथेच थांबले.

मग वाकून चपला शोधायला लागले.

"एक मिनिट," ते म्हणाले, "आधी झाड बघून येतो."